बार प्रायव्हेट आहे

रात्री पावणेदहाला धुळ्याहून फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर कोणीतरी गेलेलं असतं, नाही तर कोणाचं तरी ठरलेलं असतं. मी टीव्हीचा आवाज बंद केला, चष्मा लावला (वाईट बातमी मला चष्म्याशिवाय नीट ऐकू येत नाही) आणि फोन घेतला. पलीकडे भाचा होता.

"मामा, माले एरर ईनी."

"कोणती?"

"ई शून्य चार चार सहा."

माझा जीव भांड्यात पडला. पण तिकडे भाच्याच्या आजोबांचा जीव खडबडून जागा झाला. आप्पा तलाठी होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी आकडा कानावर पडला की त्यांचा हात आपोआप दप्तराकडे जातो. मागून त्यांचा आवाज आला, "चारशे सेहेचाळीस? कोना गट शे?"

भाचा धुळ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी जळगावात घरी बसून एका लांबच्या कंपनीचं काम करतो, म्हणून नात्यात माझी ओळख 'कॉम्प्युटरवाला मामा' अशी. या पदाची कर्तव्यं म्हणजे प्रिंटर रुसला तर त्याची समजूत काढणे, आधारला मोबाइल जोडून देणे, निकालाच्या दिवशी साइट उघडेपर्यंत धीर देणे. प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगबद्दल मला कोणी काही विचारल्याची घराण्यात नोंद नव्हती. त्यामुळे मी खुर्चीत नीट बसलो. स्वयंपाकघरातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वाच, काय म्हणतोय कंपायलर."

भाचा रस्ट शिकत होता. ही भाषा आमच्या घराला मुळीच नवी नाही. तिच्या नावावरून आमच्याकडे एक प्रसंग आधीच घडून गेलेला आहे. रस्ट म्हणजे लोखंडावरचा गंज असं सगळ्यांना वाटतं. पण ती ज्याने केली त्या ग्रेडन होअरच्या मनात होती पिकांवर येणारी बुरशी, म्हणजे आपला तांबेरा. काही केल्या मरत नाही, हा त्याला तिचा गुण वाटला. मी हे कौतुकाने वडिलांना सांगायला गेलो. म्हटलं, बाबा, मी सध्या तांबेरा शिकतोय. चाळीस वर्षं गहू केलेला माणूस तो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी टोळधाडीच्या कोर्सला नाव घातलंय. मग शांतपणे म्हणाले, "शिकायचं काय त्यात? फवारनी कर."

या होअरची गोष्ट मला फार आवडते. २००६ साली व्हँकूव्हरमध्ये तो घरी आला, तर इमारतीची लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर कोसळलेलं. राहायला एकविसाव्या मजल्यावर. आपण अशा वेळी वॉचमनला बोलतो, सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलतो आणि तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो की मेंटेनन्स न भरण्याची प्रतिज्ञा करतो. तो एकवीस मजले चढला आणि असं कोसळणारच नाही अशी भाषा लिहायला बसला. २००९ पासून मोझिलाने त्या कामाला हात दिला आणि १५ मे २०१५ ला भाषेची पहिली पक्की आवृत्ती आली. त्यातले शब्द बघावेत तर सगळे रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांचे. प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याला म्हणतात क्रेट, आणि क्रेट ने-आण करणाऱ्या व्यवस्थेला कार्गो. फक्त भाव पाडणारा व्यापारी तेवढा त्यात नाही.

तर भाचा वाचायला लागला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो कापसाच्या व्यापाऱ्याचं खातं लिहीत होता. २०२१ च्या जूनपासून रस्टमध्ये नावं देवनागरीतही ठेवता येतात, हे त्याला कुठूनतरी कळलेलं. मग काय, त्याने 'हिशोब' नावाचा एक करार केला, जगजाहीर. त्यात लिहिलं, जो कोणी हिशोब ठेवेल त्याने 'पावती' कोणत्या प्रकारची देणार ते सांगावं. आणि आपल्या व्यापाऱ्याच्या वतीने खाली लिहून दिलं की आमची पावती म्हणजे 'कच्ची_चिठ्ठी'. ही कच्ची_चिठ्ठी मात्र त्याने मोड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका खोलीच्या, आतच ठेवली होती, बाहेर कोणाला दिसू नये अशी. बाजारात ती असतेही तशीच.

कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला देण्याआधी तपासणारा कारकून. त्याने ते पकडलं. जाहीर करारात खाजगी प्रकार, असं इंग्रजीत, आणि त्या इंग्रजीच्या मधोमध देवनागरी 'कच्ची_चिठ्ठी', साहेबांच्या मेजवानीत धोतर नेसून गेल्यासारखी. खाली बाण काढून आणखी एक शेरा: खाजगी प्रकार लीक करता येणार नाही.

"लीक?" भाचा म्हणाला. "आते तर टाकी भरेल व्हती."

मी त्याला म्हटलं, घाबरू नकोस. रस्टचं एक बरं आहे. दुखणं सांगून पळून जात नाही. एक्सप्लेन म्हणून आज्ञा दे, पुढे एररचा नंबर लिही, अख्खं पान उघडतं. त्याने उघडलं. मी इकडे उघडलं. आणि घात झाला.

संगणकाच्या जगात उदाहरण द्यायचं झालं की ठेवायची नावं वर्षानुवर्षं ठरलेली आहेत: एकाचं फू, दुसऱ्याचं बार. आपल्याकडे गणितात जसा 'अ' आणि 'ब' काम करून भिंत बांधायचे तसे. या पानावरचा खाजगी प्रकार म्हणजे बार. आणि रस्टमध्ये एखादी गोष्ट जाहीर करायची तर तिच्यापुढे लिहायचा शब्द म्हणजे पब्लिकचं पहिलं अर्ध, पब. हे आम्हां दोघांना माहीत होतं. पण फोन स्पीकरवर होता, आणि तिकडे स्वयंपाकघरात ताई, म्हणजे भाच्याची आई, फोडणी द्यायचं थांबली होती.

"मामा, बार प्रायव्हेट आहे म्हणतं."

"हो ना. तेच तर चुकलं. बार प्रायव्हेट ठेवून बाहेर दाखवता येत नाही."

"मग?"

"बारला पब कर. लगेच चालेल."

"आप्पाच्या खोलीतल्या वायफायवर चालेल का?"

"कुठेही चालेल. पण आधी एक ठरव. बार सगळ्या गावासाठी खुला करायचा, की घरातल्या घरात ठेवायचा?"

फोन ओढून घेतल्याचा आवाज आला. आमची ताई लग्नाआधी जळगावची होती, 'काय करतं रे' म्हणायची. पंचवीस वर्षं धुळ्यात काढून आता अहिराणीत रागावते, आणि अहिराणीत रागावलेलं माणूस फोनवरूनही अंगावर येतं. "काय शिकाडी राह्यना तू त्याले?" एवढंच तिने विचारलं. मी करार, प्रकार, मोड्यूल असं काहीबाही सांगायला लागलो. ती म्हणाली, "रविवारे घर ये." यात मोड्यूलला जागा नव्हती.

रविवारी सकाळी एसटीने निघालो. जळगाव-धुळे रस्ता एरंडोल, पारोळ्यावरून जातो. या प्रवासात माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि बसमध्ये विचाराला विषयही मिळतात. खिडकीतून रुमाल टाकून अडवलेली जागा हा तर रस्टमधल्या मालकीहक्काचा सगळा सिद्धान्त आहे. फक्त तिथे रुमालावरून भांडण होत नाही, प्रोग्रॅम होतच नाही. मी मात्र वाटेवरच्या पाट्या वाचत होतो. 'आत येण्यास सक्त मनाई आहे.' 'परवानगीशिवाय प्रवेश नाही.' 'अनधिकृत व्यक्तींनी प्रवेश करू नये.' आपल्या पाट्यांना मनाई करायची हौस फार. पण ज्याला खरंच आत जायचंय, काम आहे, त्याने परवानगी मागायची कोणाकडे, तो माणूस बसतो कुठे, जेवायला किती वाजता जातो, हे कुठल्याही पाटीवर नसतं. ते पाटीखाली बसलेल्या पानवाल्याला माहीत असतं.

कंपायलरच्या चुकांचे खुलासे याच पाटीवाल्या घराण्यातले होते, कित्येक दशकं. अमुक ओळ, अमुक चूक, चला निघा. रस्टवाल्यांनी २०१६ च्या सुमाराला आपल्या संदेशांचं रूप बदललं. प्रोग्रॅमचीच ओळ छापायची, चुकलेल्या शब्दाखाली बाण काढायचे, खाली 'मदत' म्हणून दोन शब्द. हा पानवाल्याला नोकरी दिल्याचा प्रकार. तरीही ज्या माणसाला मुळात 'दिसणं' आणि 'असणं' यांतला फरक समजलेला नाही, त्याच्यासाठी एक्सप्लेनचं ते पानही अपुरंच पडतं. त्या पानावर दोन उपाय दिलेत: खाजगी गोष्ट जाहीर करा, किंवा जाहीर करार तेवढ्याच वर्तुळात ठेवा जेवढ्यात ती खाजगी गोष्ट दिसते. दोन्ही बरोबर. पण कोणता केव्हा, यावर पान गप्प. भाच्यासारख्या पोराला दोन दरवाजे दाखवले आणि दोन्हींवर नुसतं 'दरवाजा' लिहिलं, तर तो जवळचा ढकलणार.

एरंडोल सुटेपर्यंत माझा निश्चय झाला होता. या एररचा खुलासा मराठीत लिहायचा. असा, की ताईलासुद्धा बारचा अर्थ कळेल.

पहिला मसुदा मी पारोळ्याच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवरच्या रद्दीच्या पाठीमागे लिहिला. 'सार्वजनिक आंतरपृष्ठामध्ये खाजगी प्ररूपाचा निर्देश अनुज्ञेय नाही.' लिहून झाल्यावर मीच दचकलो. हे कुठून आलं? मला इंग्रजी एरर समजत होती. आता मराठीही समजेना. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी डोकावून विचारलं, "जमिनीचं आहे का?"

धुळ्यात ताईने आधी जेवू घातलं. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. या ताटापुढे माणूस बचाव विसरतो, हे तिला ठाऊक आहे. मग आप्पा, भाचा आणि मी ओसरीवर बसलो, आणि मी समजावायला घेतलं. पहिलं उदाहरण घरातलंच घेतलं.

आमची मोठी माय, म्हणजे आजी, हिने आयुष्यात आजोबांचं नाव घेतलं नाही. आजोबांचं नाव हिरामण. त्यामुळे ती हिरवी मिरचीसुद्धा म्हणायची नाही. ओली मिरची म्हणायची. रेशनकार्डवाला यायचा, मालकाचं नाव विचारायचा. ती शेजारच्या काकूंकडे बघून म्हणायची, तू सांग. बरं, माणूस समोर बाजेवर बसलेला! घरात त्याच्याशी रोजचा व्यवहार. चहा दिला, पैसे मागितले, भांडण केलं. व्यवहारात कुठेच अडचण नाही. फक्त नाव घेता येत नाही. रस्टमध्ये हा प्रकार हुबेहूब आहे. जाहीर फंक्शन तुमच्या हातात एक वस्तू देतं, तुम्ही ती वापरू शकता, पुढे देऊ शकता. पण तिचा प्रकार आतला, त्यामुळे त्याचं नाव तुमच्या तोंडी येऊ शकत नाही. आणि नाव न घेता पुढे जायची सभ्य वाटही तिथे ठेवलेली आहे. तो कोण ते विचारू नका, तो काय काय करू शकतो तेवढं सांगतो, असं लिहून देता येतं. मोठी माय म्हणायची ना, 'जे गिरणीवरून दळण आणतात ते'. तेच ते. उखाणा ही वर्षातून दोनदा मिळणारी खास सवलत. तिला रस्टमध्ये जोड मला अजून सापडलेली नाही.

आप्पा हसले. भाचा हसला नाही. तो लॅपटॉपवर टाइप करत होता. मी दुसरं उदाहरण काढलं, आमंत्रणाचं.

आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण नुसतं दिलं किंवा नाही दिलं असं नसतं. एक चूलबंद: त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, सगळे या, आलेला पाहुणा पण आणा. हे झालं पब. दुसरं घरटी एक. तिसरं फक्त भाऊबंदांना. हे पब, आणि पुढे कंसात क्रेट, म्हणजे आपल्या गठ्ठ्यापुरतं. चौथं, फक्त मोठ्या घरी सांगून ठेवायचं, त्या घराबाहेर नाही. पब, कंसात सुपर, म्हणजे एक पायरी वरच्यांपुरतं. आणि पाचवं अगदी पत्ता घालून. धुळ्याला हे समजावणं सोपं. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखली. त्या गावात अजून माणूस पत्ता सांगतो तो गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असा. रस्टमध्येही तसंच लिहिता येतं: पब, कंसात 'इन' अमुक गल्ली. गल्लीच्या तोंडापर्यंत जाहीर, आग्रा रोडला लागलात की खाजगी. काहीच लिहिलं नाही, तर घरचं घरात. इथे रस्ट आपल्यापेक्षा कडक. पायथनसारख्या भाषेत खाजगी गोष्टीच्या नावाआधी एक अधोरेषा काढतात, आणि समजून घ्या म्हणतात. तो दाराला लावलेला पडदा. वारा आला की उडतो, आणि पाहुणे सज्जन असतील असं धरून चालायचं. रस्ट दाराला कडी घालतो.

"म्हणजे भाच्याची चूक काय?" मी मास्तरी आवाजात विचारलं, आणि मीच उत्तर दिलं. "पत्रिका वाटली चूलबंद, आणि आत छापलं की जेवण माजघरात आहे, जिथे फक्त घरचे जाऊ शकतात. आता एक तर माजघर उघडा, नाही तर पत्रिका भाऊबंदांपुरती छापा. माणसं आली आणि ताट दिसलं नाही, असं होऊ देऊ नका."

मला वाटलं, झालं. आप्पांनी चष्मा पुसला. "जिभाऊ, कागद चांगला शे. पन अर्ज कोनले करना?"

मी म्हटलं, कसला अर्ज?

मग आप्पांनी मला जे सांगितलं, ते कंपायलर लिहिणाऱ्या सगळ्यांनी एकदा ओसरीवर बसून ऐकावं. त्यांच्या नोकरीत त्रुटीपत्र म्हणून एक वस्तू असते. अर्जात काही कमी असलं की वरून त्रुटीपत्र येतं. वाईट त्रुटीपत्रात लिहिलेलं असतं, 'आवश्यक कागदपत्रे जोडलेली नाहीत.' माणूस चार खेपा घालतो. चांगल्या त्रुटीपत्रात लिहिलेलं असतं, अमुक सालचा फेरफार जोडला नाही, तो तलाठ्याकडे मिळेल, आणि वारस दोन असतील तर दोघांच्या सह्या लागतील. कागद तोच, खेप एक. "तू हाई सांगं नही," ते म्हणाले, "की माजघर उघडाना हक्क कोनले शे." चिठ्ठी भाच्याची स्वतःची असेल तर तो ती उघडू शकतो. करार दुसऱ्याने लिहिलेला असेल, दुसऱ्याच्या क्रेटमधून आणलेला असेल, तर तो छोटा करणं भाच्याच्या हातात नाही. मग उरतो एकच दरवाजा. हे आधी सांगायला हवं.

मी गप्प. बरोबर होतं ते. मी आमंत्रणं, मिरच्या, गल्ल्या सगळं आणलं होतं. वाचणाऱ्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, तेवढं आणलं नव्हतं.

आप्पांनीच मग पाटणची आठवण काढली. चाळीसगावजवळ पाटणादेवी, तिथला शिलालेख. लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला १२०७ साली दान दिलं. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं अवघड काही लोकांना समजावं म्हणून काढलेली, सरकारी अनुदानावर चालणारी संस्था खान्देशात आठशे वर्षांपूर्वी होती. आज तिला डॉक्युमेंटेशन विभाग म्हटलं असतं, आणि सगळ्यात आधी त्याच विभागाचं अनुदान कापलं असतं. पण आप्पांचं बोट वेगळ्या जागी होतं. तो लेख आहे संस्कृतात. वंश, विद्या, स्तुती, सगळं झोकात. आणि शेवटी जिथे मठाला कोणी काय द्यायचं, बाजारात येणाऱ्या मालावर किती, हे आलं, तिथे लेख मराठीत उतरतो. कारण तो भाग वाचून पैसे काढणारा माणूस व्यापारी होता, तेली होता. त्याला समजलं नसतं तर मठ उपाशी राहिला असता. दान देणाऱ्याला नेमकं कळत होतं की कुठपर्यंत मिरवायचं आणि कुठून समजावायला लागायचं.

दुसरा मसुदा मी त्याच रात्री, ताईच्या माळ्यावर बसून लिहिला. वरच्या ओळीत चूक काय. दुसऱ्यात, तुमच्या हातात काय आहे ते आधी बघा. मग दोन दरवाजे, प्रत्येकावर नाव. फू-बारना हाकलून दिलं. उदाहरणात करार, पावती, कच्ची चिठ्ठी. आणि 'चुकीचं उदाहरण' म्हणून सगळ्यात सोपं घेतलं: एक जाहीर फंक्शन, ते कच्ची_चिठ्ठी हातात देतं. बघा, चालणार नाही. दोन पानं झाली. सकाळी भाच्याला दिली आणि चहा घेत उभा राहिलो, पहिल्या प्रयोगाला विंगेत नाटककार उभा राहतो तसा.

भाच्याने चुकीचं उदाहरण टाइप केलं. चाललं.

मी म्हटलं, शक्य नाही. पुन्हा चालव. पुन्हा चाललं. फक्त खाली पिवळ्या अक्षरांत एक कुरकुर आली.

रस्टच्या खुलाशांबाबत एक गंमत आहे, ती इथे सांगितली पाहिजे. त्यांच्या अधिकृत पानांवरची चुकीची उदाहरणंही रोज तपासली जातात. उदाहरणावर शिक्का असतो, हे या अमुक एररने नापास व्हायला हवं. ते नापास झालं तर परीक्षा पास. चुकून पास झालं तर सगळं काम थांबतं, पान लिहिणाऱ्याला बोलावणं जातं. नापास होण्याची इतकी शिस्त मी आमच्या शाळेतही पाहिली नव्हती. माझ्या पानावर असा शिक्का नव्हता. मी जे शिकलो होतो ते जुन्या काळचं होतं. १६ नोव्हेंबर २०२३ ला आलेल्या १.७४ या आवृत्तीपासून नियम सैल झाला. जाहीर फंक्शनने खाजगी वस्तू हातात दिली, तर पूर्वी सरळ एरर यायची. आता नुसती ताकीद. एरर उरली ती भाच्याने केली तशा करारातल्या प्रकारांपुरती.

मला मोठी माय आठवली, आणि पाठोपाठ तिची नातसून, म्हणजे माझी बायको. मोठी माय नाव घेत नव्हती. घेतलं असतं तर घरात एरर आली असती, चूल थांबली असती. माझी बायको मला भरबाजारात, गोलाणी मार्केटच्या जिन्यात उभी राहून, नावाने हाक मारते. काम चालू राहतं. फक्त कुठल्यातरी मावशी मान वळवून बघतात. तीच ती पिवळी अक्षरं.

तिसरा मसुदा केला. उदाहरण बदललं, करार आणला, आप्पांची ओळ सर्वांत वर ठेवली, मिरच्या काढून टाकल्या (जड मनाने). आप्पांनी तो वाचला, दोन ठिकाणी अनुस्वार दिले आणि खाली सवयीने सही केली. मी भाच्यासमोर कागद ठेवला.

त्याने वाचला. सावकाश, बोट ठेवून. मग म्हणाला, "समजनं मामा. एकदम समजनं. पन इतलं वाचस कोन?"

"म्हणजे? तुझी एरर गेली ना?"

"ती तं शुक्रवारेच गयी. सगळास्ले पब लाई दिनं. चाली गयं."

मी त्याचा लॅपटॉप ओढला. खरंच. करार पब, व्यापारी पब, चिठ्ठी पब, चिठ्ठीतला भाव पब, व्यापाऱ्याचं कमिशन पब, कमिशन कसं काढतो तेही पब. धुळ्याच्या बाजारात हे कोणी छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं असतं. १९७२ साली डेव्हिड पार्नास नावाच्या माणसाने निबंध लिहून सांगितलं होतं की पुढे बदलण्याची शक्यता आहे ते ते प्रत्येक मोड्यूलने पोटात ठेवावं. पन्नास वर्षं जग त्याचा आधार घेऊन इमारती बांधतंय, आणि आमच्या भाच्याने शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या खिडक्या-दारं काढून ओसरीवर रचून ठेवली.

"कॉलेजमध्ये सर काय म्हणाले?"

"सर म्हनले, एरर नही, वॉर्निंग नही, छान."

ताईने मला एसटी स्टँडवर सोडायला भाच्यालाच पाठवलं. निघताना तिने आवाज खाली घेऊन विचारलं, "ते बारचं मिटलं ना?" मी म्हटलं, मिटलं, आता बार सगळ्यांसाठी खुला आहे. तिने कपाळाला हात लावला.

महिन्याभराने तिच्याकडून दराब्याच्या लाडवांचा डबा आला. खान्देशी दराबा म्हणजे रवाळ गव्हाचं पीठ नावाला, बाकी तूप. डबा रिकामा होत गेला तसा तळाशी घातलेला कागद दिसायला लागला. अक्षर ओळखीचं वाटलं. माझा तिसरा मसुदा होता, आप्पांच्या सहीसकट. मागच्या कोऱ्या बाजूवर भाच्याने पेन्सिलीने कोणाला किती उधार दिले ते लिहिलेलं, आणि तुपाने कागद असा काही पारदर्शक झाला होता की 'खाजगी प्रकार बाहेर दिसू देऊ नये' या माझ्या ओळीतून त्याची सगळी कच्ची चिठ्ठी स्वच्छ वाचता येत होती. माझ्याकडे दोनशे निघत होते.